जांभळा ढोलवाला

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक चाळिशीतले आहेत. आठ वर्षांपूर्वी त्यांनी वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी लढाया खेळण्यासाठी, २८ मिलिमीटर उंचीचे नेपोलियनच्या काळातले सैनिक जमवायला घेतले. मनात होती १८०९ ची फ्रेंच आणि ऑस्ट्रियन यांच्यातली वाग्रामची लढाई, अख्खी टेबलावर मांडायची. आज कपाटात ९०० सैनिक आहेत. त्यातले रंगवून झालेले ६४: ४० फ्रेंच, २४ ऑस्ट्रियन. दोन वर्षांपूर्वी खेळाच्या गटातल्या एका जाणत्या ज्येष्ठांनी सगळ्यांदेखत दाखवून दिलं, की फ्रेंचांच्या टोप्यांवरचे गोंडे चुकीच्या रंगाचे आहेत. त्याच रात्री त्यांनी सगळे गोंडे पुन्हा रंगवले. त्यानंतर ब्रश जवळपास बंद आहे, खरेदी मात्र चालू आहे. पत्नीचं म्हणणं, विकून टाका. मित्राचं म्हणणं, पैसे देऊन रंगवून घे. ते विचारतात: विकू, रंगवून घेऊ, की जिद्दीनं पुरं करू? आणि ताजा कलम म्हणून तीन ओळी: ‘अकरा वर्षांच्या मुलीला एक ढोलवाला रंगवायला दिला होता, तिनं त्याचा कोट जांभळा केला. मी नंतर तो निळा करून नीट केला. हल्ली ती या खोलीत येत नाही.’

नमस्कार,

आकडे तुम्ही दिलेत, पण गणित अर्ध्यावर सोडलंत. ते आधी पुरं करू. वाग्रामला ५ आणि ६ जुलै १८०९ या दोन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून ३ लाखांच्या आसपास माणसं मैदानात होती. २० माणसांमागे एक सैनिक हे खेळात रुळलेलं प्रमाण धरलं, तर १५,००० सैनिक लागतात. तुमचा आजवरचा वेग वर्षाला आठ. म्हणजे १,८७५ वर्षं. कपाटातले सगळे ९०० आज रात्री कुणी रंगवून दिले, तरी ती १८ हजार माणसं झाली, रणांगणाचा जेमतेम एक कोपरा.

हे तुम्हाला खिजवायला लिहिलेलं नाही. (थोडं हसवायला लिहिलंय.) सांगायचं इतकंच, की ‘पुरं करू का’ या प्रश्नातलं ‘पुरं’ कधी अस्तित्वातच नव्हतं. जे होणारच नव्हतं, ते झालं नाही म्हणून तुम्ही आठ वर्षं स्वतःला गुन्हेगार मानताय.

तुमच्या पत्रात ‘बाकी’, ‘थकलंय’, ‘मागे पडलोय’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ही कर्जदाराची भाषा आहे. पण हे कर्ज तुम्ही कुणाकडून घेतलंय? आपण ज्याला एक छंद म्हणतो, त्यात निदान चार छंद नांदत असतात: जमवणं, त्या काळाबद्दल वाचणं, रंगवणं आणि खेळणं. ज्याला चारही सारखेच आवडतात असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. फक्त जमवणारे सुखी लोक मी पाहिलेत, त्यांच्या कपाटात धातू चकाकत असतो आणि त्यांना ब्रशची आठवणही होत नाही. आयुष्यभर रंगवून एकदाही फासे न टाकलेले लोकही आहेत. जमवणारा हा रंगवणाऱ्याचा देणेकरी नसतो.

तुमचं तसं नाही, हे मला कळतं. तुम्हाला रंगवायला आवडायचं. ‘पहिल्या दोन वर्षांत रात्री दोन वाजलेले कळायचे नाहीत’ असं तुम्हीच लिहिलंय. मग ते थांबलं कधी? गोंड्यांच्या रात्री. आणि खरेदी कधी वाढली? पत्रातल्या तारखा पाहा, त्यानंतरच. मला यात आळस दिसत नाही, उधळेपणाही दिसत नाही. न रंगवलेल्या सैनिकात कुणी चूक काढू शकत नाही. तो पाकिटात आहे तोवर त्याचे गोंडे बरोबरच असतात.

आता त्या गोंड्यांकडे येऊ, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेकांच्या घरी निरनिराळ्या रूपात हाच गोंडा अडकून बसलाय.

ते ज्येष्ठ नियमाच्या दृष्टीनं बरोबर होते. फेब्रुवारी १८०८ च्या फर्मानानं फ्रेंच बटालियनची फेररचना झाली. सहा कंपन्या, प्रत्येकी १४० माणसं: एक ग्रेनेडियरांची (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिझरांची (पुढे पसरून लढणारे चपळ शिपाई) आणि चार फ्युझिलिअरांच्या (साधे पायदळ). या चार कंपन्या ओळखू याव्यात म्हणून शाको टोपीवरच्या गोंड्याला रंग ठरले. पहिलीला गडद हिरवा, दुसरीला आकाशी, तिसरीला नारिंगी, चौथीला जांभळा. तुम्ही दुसरी आणि तिसरी अदलाबदल केली होती, एवढीच तुमची चूक. २८ मिलिमीटरच्या माणसाच्या डोक्यावर हा गोंडा मोहरीएवढा असतो.

पण नियमातलं सैन्य आणि मैदानातलं सैन्य ही दोन वेगळी सैन्यं होती. मोहिमेवर शाकोवर खोळ चढवलेली असायची, तुरे काढून जपून ठेवलेले असायचे, विजारी मिळतील त्या कापडाच्या असायच्या. १८०६ मध्ये त्यांच्या निळ्या कोटांना लागणाऱ्या निळीचा तुटवडा पडला, कारण समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता. तेव्हा काही फ्रेंच पलटणींना चक्क पांढरे कोट शिवायचं ठरलं आणि थोड्याच काळात तो बेत गुंडाळलाही गेला. समोरच्या ऑस्ट्रियनांचीही तीच तऱ्हा. पायदळाला शाको मंजूर झाली होती, पण १८०९ मध्ये जुनी कलगीवाली शिरस्त्राणं घालून लढणाऱ्या पलटणी होत्याच. मग बरोबर काय? कागदावरचं, की त्या दिवशी त्या धुळीत दिसलं असतं ते?

या प्रश्नानं एका माणसाचा पुरता पिच्छा पुरवला होता. विल्यम सायबॉर्न हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. १८३० मध्ये त्यानं वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करायला घेतली. त्यासाठी तो तिथल्या ला ए सँत या शेतघरात आठ महिने राहिला आणि आजूबाजूची जमीन मोजून काढली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण नेमकी कुठे होती, कशी उभी होती, समोरच्या शेतात पीक कुठलं होतं? उत्तरांचा ढीग आला आणि ती एकमेकांशी जुळेनात. मैदानात स्वतः उभ्या असलेल्या माणसांचं एकमत होईना. सरकारनं मधेच पैसे थांबवले, हा कर्जात बुडाला. ब्रिटिशांच्या मदतीला आलेली प्रशियन फौज त्या घटकेला कुठवर पोचली होती यावरून तर असा वाद पेटला, की त्याला शेवटी प्रतिकृतीतली त्यांची मांडणी बदलावी लागली. १८३८ मध्ये लंडनमध्ये ती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यावर ७० हजारांहून अधिक इवले सैनिक होते. आज ती तिथल्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. सायबॉर्ननं प्रत्यक्ष साक्षीदारांना विचारलं, तरी ही गत. तुम्ही आणि तुमचे ज्येष्ठ दोनशे वर्षांनंतर पुस्तकं उघडून बसलेले.

म्हणून काहीही रंगवा, चालतंय, असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला या शोधाशोधीत जेवणाची शुद्ध राहत नाही. एका बटणपट्टीचा रंग हुडकताना त्या काळचा रंगारी, कापडवाला, कारकून असे सगळे भेटतात, तो आनंद मोठा आहे. मात्र अचूकपणा आपण आपल्या हौसेनं अंगावर घ्यावा. चारचौघांत दुसऱ्यानं तो आपल्या पदरात टाकला, की त्याची शिक्षा होते. त्या ज्येष्ठांबद्दल एक सुचवू? पुढच्या भेटीत तुम्हीच त्यांना काहीतरी विचारा. ऑस्ट्रियनांच्या कॉलरांचे रंग विचारा, ती भानगड फ्रेंच गोंड्यांहून कितीतरी मोठी आहे. एवढं जाणणाऱ्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही, म्हणून तो न विचारता सांगत सुटतो. आणि एक विसरू नका: तीन फुटांवरून ज्याला मोहरीएवढा गोंडा दिसला, तो तुमचे सैनिक फार मनापासून बघत होता.

तुमच्या तीन पर्यायांकडे वळते.

विकणं. घाऊक विकू नका, निदान चिडून तर नकोच. पण कपाट एकदा पूर्ण उपसा. प्रत्येक पाकीट हातात घ्या आणि पाहा, हे उघडावंसं वाटतंय का. बरीचशी पाकिटं तुम्ही वाग्रामसाठी घेतली होती, स्वतःला आवडली म्हणून नाही. त्यांना खुशाल निरोप द्या. उपसताना धातूच्या जुन्या सैनिकांवर पांढरी भुकटी दिसते का तेही बघा. शिसं जास्त असलेले सैनिक ओकच्या लाकडाच्या बंद खणात किंवा कोंदट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, की त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं ते झिजू लागतात. हवा खेळती ठेवा, भुकटी हातानं खरवडू नका.

पैसे देऊन रंगवून घेणं. यात कमीपणा काहीच नाही. ज्याला खेळायचंय पण रंगवण्याचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम. तुम्हाला मात्र रंगवणंच आवडायचं. तेच काम बाहेर दिलंत, तर घरात ९०० रंगीत सैनिक येतील आणि तुम्ही त्यांच्याकडे पाहुण्यासारखे बघत बसाल. अगदीच वाटलं तर घोडदळ तेवढं द्या. घोडे रंगवताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. बेस (सैनिकाच्या पायाखालची बैठक) आणि शेवटचं वॉर्निश मात्र स्वतःच्या हातानं करा. दोन हातांचं काम एका सैन्याचं दिसायला तेवढं पुरतं.

जिद्दीनं पुरं करणं. याचं उत्तर वरच्या गणितात आलंय.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? खेळले असते. तुमच्याकडे ४० फ्रेंच आणि २४ ऑस्ट्रियन तयार आहेत. नेपोलियनच्या काळातल्या चकमकींसाठी लिहिलेले नियम आहेत. त्यात एक सैनिक म्हणजे एकच माणूस असतो आणि आठ-आठ, दहा-दहांच्या गटांनी खेळता येतं. चार फूट बाय चार फूट जागा, मधोमध पूल, पलीकडे दगडी कुंपण. चोवीस ऑस्ट्रियन कुंपणाआड, त्यांना एवढंच करायचंय की मागचे गाडे निघून जाईपर्यंत पूल सोडायचा नाही. चाळीस फ्रेंचांकडे मोजक्या चाली. आकडे विषम आहेत म्हणूनच खेळाला रंगत आहे. तुम्ही आठ वर्षं सैन्य तयार होण्याची वाट बघताय आणि ते दोन वर्षांपासून फळीवर उभं आहे. इतर वाचकांनाही हेच सांगेन: आधी रंगवलेल्यांत बसणारा खेळ शोधा, मग त्या खेळाला कमी पडतील तेवढेच पुढचे सैनिक रंगवा. ‘या पुलासाठी एक तोफ हवी’ या वाक्यात जी ओढ आहे, ती ‘८३६ राहिले’ या वाक्यात नाही.

रंगवायला परत बसाल तेव्हा आठच घ्या. आइस्क्रीमच्या काडीवर चार-चार चिकटवा आणि एका वेळी एकच रंग सगळ्यांवर फिरवा. फ्रेंच निळ्यासाठी काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळहात, सोयीचा. पट्ट्यांच्या कडेला, बाहीच्या खाली तो तसाच सोडला की सावली आयती मिळते. ऑस्ट्रियन पांढऱ्याला उलटं करा. थेट पांढरा लावलात तर तो खडूसारखा दिसतो. आधी फिका करडा, घड्यांत वॉश (सावलीसाठी पाण्यासारखा पातळ रंग), आणि पांढरा फक्त खांद्यांवर, गुडघ्यांवर, उंचवट्यांवर. चेहऱ्याला वेळ द्या, पट्ट्यांना द्या, झेंड्याला द्या. तीन फुटांवरून डोळा तिथंच जातो, आणि त्याखालोखाल बेसच्या कडेवर, जिच्याकडे आपण सगळेच दुर्लक्ष करतो. पाठपिशवीच्या बकलांवर वेळ घालवायचा असेल तर जरूर घालवा, पण ते बकल तुमच्यासाठी आहे हे ध्यानात ठेवून. हल्ली एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारे पातळ रंग मिळतात. जुनी मंडळी त्यांना नाकं मुरडतात. मीही मुरडत होते, मग एका रविवारी त्यांनी सोळा पाठपिशव्या आणि सोळा घोंगड्या उरकल्या आणि मी गप्प झाले.

वॉर्निशचा स्प्रे पावसाळी दमट हवेत मारू नका. मी एकदा घाईनं चोवीस घोडेस्वारांवर मारला आणि सकाळी सगळी पलटण धुक्यात उभी होती. चकाकी देणाऱ्या वॉर्निशचा एक हात ब्रशनं वरून दिल्यावर बरीचशी पुन्हा दिसू लागली. एक घोडा अजून धुक्यातच आहे. तो मी मुद्दाम सगळ्यात पुढे ठेवते.

आता ताजा कलम. खरं तर मी पत्र तिथूनच वाचायला हवं होतं.

तुम्ही तीन ओळींत लिहिलंय, ‘जांभळा केला’, ‘नीट केला’, ‘येत नाही’, आणि तिन्ही ओळी सुट्या ठेवल्यात. त्या जोडून वाचा. चारचौघांत कुणीतरी तुमच्या कामात चूक काढली आणि तुमचा ब्रश थांबला. तुम्ही तर तिला चूक दाखवलीही नाहीत. रात्री ती झोपल्यावर तिच्या कामावर निळा रंग फिरवलात आणि सैनिक फळीवर ठेवून दिलात. ज्येष्ठांनी निदान तुमच्याशी बोलून सांगितलं होतं.

तुमच्यातल्या अचूकपणाच्या भक्तासाठी आणखी एक गोष्ट. फ्रेंच पलटणींचे ढोलवाले आणि वादक हा कर्नलच्या हौसेचा मामला होता. १८१२ च्या नियमांनी सगळ्या ढोलवाल्यांना हिरवा शाही पोशाख ठरवून दिला. त्याआधी जो तो कर्नल आपल्या वादकांना आपल्या लहरीप्रमाणे नटवायचा, उलटे रंग, भडक अस्तरं, झालरी, वाट्टेल ते. ढोलवाला लांबून ओळखू यायला हवा असे, कारण हुकूम ढोलावरून जात. तुमचं सैन्य १८०९ चं आहे. तेव्हा त्या खोलीत त्या दिवशी काळाला धरून कोण वागलं असेल, तर कर्नलच्या थाटात रंग निवडणारी तुमची मुलगी.

पण हे तिला पहिल्याच वाक्यात सांगू नका. ‘बघ, तुझं बरोबरच होतं’ असं म्हणालात, तर पुन्हा निवाडा तुमच्याच हातात राहिला. ते चूक असतं तरी तुम्ही पुसायला नको होतं. एवढंच म्हणा, की तुझ्या सैनिकावर मी तुला न विचारता रंग लावला, ते वाईट केलं. मग गप्प बसा. ती लगेच खोलीत येणार नाही, येऊ नये. तो ढोलवाला पहिल्यासारखा करून देण्याच्या फंदातही पडू नका. निळ्याखाली तिचा जांभळा अजून आहे, पण स्पिरिटनं वरचा थर काढायला गेलात तर दोन्ही निघतील आणि खाली नुसता धातू उरेल.

पुलाची चकमक मांडाल तेव्हा तिला बोलवा. बघायला म्हणून बोलावू नका, एक बाजू तिची म्हणून बोलवा. ऑस्ट्रियन द्या, कुंपणाआड लढणं सोपं असतं आणि पहिल्या खेळात जिंकलेलं बरं. रंगवायचं तिनं स्वतःहून काढलं, तर तिच्यासाठी प्लॅस्टिकचे सैनिक आणा. ते हलके असतात, हातातून पडले तरी संगिनी वाकत नाहीत. जुने शिशाचे सैनिक हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करायचं नाही आणि शिशाचं घासकाम तिच्यासमोर करायचं नाही, एवढे तीन नियम घाला. ते तुम्हीही पाळा (ब्रश तोंडात घालत असणार तुम्ही, आपण सगळेच घालतो). चौथा नियम तिच्या बाजूनं: तिच्या सैनिकाला तिच्याशिवाय कुणी ब्रश लावायचा नाही.

राहता राहिला जांभळा रंग. तो तुमच्या खणात आला कसा? निळा, पांढरा, लाल यांनी फ्रेंच पायदळ जवळजवळ भागतं. जांभळी बाटली तुम्ही चौथ्या फ्युझिलिअर कंपनीच्या गोंड्यांसाठी आणली असणार, आणि तुमच्या ४० फ्रेंचांत चौथी कंपनी अजून झालेली नाही. ती केव्हातरी करावी लागेल. तेव्हा बाटली कुठे आहे ते तिला विचारा. शेवटची तिनंच वापरली होती. झाकण सैल राहून रंग वाळला असेल, तर नवी आणा, जरा मोठी.